घरगुती सर्किट बोर्ड (ध्वनी उपकरणांसाठी)

अँप्लिफायर, मिक्सर किंवा प्रीअँपमधील एखादा टप्पा सुधारण्यासाठी हाताने तयार केलेला छापील बोर्ड. बहुधा तो जुन्या ऑप-अँपच्या (सिग्नल वाढवणारी चिप) किंवा रेग्युलेटरच्या (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) जागी बसवतात.

तांब्याचा एकच थर असलेला १.६ मिमी जाडीचा फायबरग्लास बोर्ड पुरतो. लेझर प्रिंटरवर चकचकीत कागदावर छापलेला आराखडा इस्त्रीने तांब्यावर उतरवतात व उघडे राहिलेले तांबे फेरिक क्लोराईडने काढतात. बोर्ड द्रावणात जास्त वेळ राहिला, तर टोनरखालून कडा खाल्ल्या जाऊन बारीक मार्ग तुटतात. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये खालचा थर वरून आरपार पाहिल्यासारखा दिसतो, म्हणून तो न उलटवता छापायचा. इथे चुकले की आयसीच्या (चिपच्या) पायांची जागाच फिरते. छिद्रे ०.८ मिमीची, कनेक्टरसाठी १ मिमीची.

गुणगुण येते ती बहुतेकदा ग्राउंडच्या (शून्य व्होल्टेजच्या सामाईक मार्गाच्या) आखणीमुळे. दोष मात्र आयसीला दिला जातो. ३५ मायक्रॉन तांब्याच्या १ मिमी रुंद, ५ सेमी लांब मार्गाचा रोध सुमारे २५ मिलीओम असतो. वीजपुरवठ्याचा फिल्टर कॅपॅसिटर भरणारा १ अँपिअरचा झटका त्यातून गेला, तर २५ मिलीव्होल्ट थेट सिग्नलच्या ग्राउंडवर चढतात. सिग्नलचा व वीजपुरवठ्याचा असे दोन्ही ग्राउंड वेगळे नेऊन एकाच बिंदूवर जोडावेत.

टीएल०७२ हा ऑप-अँप काढून एनई५५३२ लावणे हा लोकप्रिय बदल, पण सरसकट करण्याजोगा नाही. एनई५५३२चा इनपुट बायस प्रवाह (इनपुटच्या पायातून सतत वाहणारा छोटा डीसी प्रवाह) साधारण २०० नॅनोअँपिअर असतो; १०० किलोओमवर त्याचे २० मिलीव्होल्ट होतात आणि व्हॉल्यूम फिरवताना खरखर ऐकू येते. व्हॉल्यूम आणि आयसीच्या इनपुटच्या मध्ये कॅपॅसिटर टाकला की ती थांबते.

चाचणी आयसीचे सॉकेट रिकामे ठेवून सुरू करावी. मेन्सच्या मालिकेत ६० वॅटचा तंतूचा दिवा जोडावा (एलईडी चालत नाही): तो क्षणभर उजळून मंदावला तर ठीक, पेटलेलाच राहिला तर शॉर्ट आहे. दुहेरी ऑप-अँपसाठी ८व्या पायावर धन व ४थ्या पायावर ऋण व्होल्टेज मिळाल्यावर, वीज बंद करून कॅपॅसिटर रिकामे झाले की आयसी बसवावा. पॉवर अँपच्या आउटपुटवर डीसी ५० मिलीव्होल्टपेक्षा जास्त असेल, तर स्पीकर जोडू नये.

सिग्नल नसतानाही आयसी चटका देण्याइतका तापला, तर तो बहुधा मेगाहर्ट्झमध्ये दोलन करत असतो. पुरवठ्याच्या पायांना अगदी लागून १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कॅपॅसिटर द्यावा. लांब केबल चालवायची असेल, तर आउटपुटला मालिकेत ४७ ते १०० ओमही जोडावेत.