मेंदूला फराळाची सवय होते तेव्हा

‘सलग २१ दिवस कृतज्ञतेची डायरी लिहा, मेंदूचं वायरिंगच बदलून जाईल’ असा एक संदेश दिवाळीच्या तोंडावर हमखास फिरतो. ज्या घरात माळ्यावरची भांडी उतरवून घासायची आहेत, चकलीची भाजणी दळून आणायची आहे, गावी जायचं आरक्षण मिळत नाहीये आणि बोनसचा अजून पत्ता नाही, तिथे हा संदेश वाचणाऱ्याला भलतीच टोचणी लागते. सगळं काही असून आपलं मन भरून येत नाही, उलट चिडचिडच होते, म्हणजे आपणच कृतघ्न. हा निष्कर्ष मला मनापासून चुकीचा वाटतो. मिळालेल्या गोष्टी नजरेआड होण्यामागे मेंदूची एक फार देखणी यंत्रणा असावी, आणि तिच्याबद्दल सांगावं म्हणूनच हा लेख.

स्वित्झर्लंडमधल्या फ्रिबूर विद्यापीठात मेंदूसंशोधक वोल्फ्राम शुल्ट्झ माकडांच्या मध्यमेंदूतल्या डोपामिन पेशींचे, म्हणजे डोपामिन हे रसायन सोडून इतर पेशींना निरोप देणाऱ्या पेशींचे, विद्युत स्पंद मोजत होते. या पेशी एरवी सेकंदाला साधारण तीन ते पाच स्पंद देतात. माकडाच्या तोंडात अचानक फळाच्या रसाचा थेंब पडला की स्पंदांची एकदम झड लागते. इथवर नवल काही नाही. मग रसाच्या आधी एक ठरावीक खूण द्यायला सुरुवात झाली. खूण आणि रस यांचं नातं माकडाला कळल्यावर ती झड पुढे सरकली. आता ती खूण दिसताच लागायची, रस मिळाल्यावर नाही. रस तोच, थेंब तेवढाच, तरी पेशी आपल्या नेहमीच्या संथ चालीत. आणि खूण देऊन रस दिलाच नाही, तर नेमक्या रस यायच्या क्षणी पेशी जवळजवळ गप्प व्हायच्या.

पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांच्यासोबत शुल्ट्झ यांनी १९९७ साली याचा अर्थ मांडला. या पेशी किती रस मिळाला ते मोजत नाहीत. मिळालेला रस आणि अपेक्षित रस यांतला फरक त्या कळवतात. डोपामिनला सरसकट ‘आनंदाचं रसायन’ म्हणतात ते म्हणूनच पटत नाही.

हे आकड्यांत करून पाहू. फराळाच्या ताटाचं मोल १० धरा आणि सुरुवातीची अपेक्षा शून्य. दर वेळी जो फरक पडेल, त्याच्या निम्म्याने मेंदू अपेक्षा वाढवतो असंही धरा. पहिल्या वर्षी फरक १०, अपेक्षा झाली ५. दुसऱ्या वर्षी फरक ५, अपेक्षा साडेसात. तिसऱ्या वर्षी फरक अडीच, अपेक्षा पावणेनऊ. चौथ्या वर्षी फरक उरला जेमतेम सव्वा, आणि अपेक्षा गेली ९.३७५ वर. पाचव्या वर्षी ताट आलंच नाही, तर फरक उणे ९.३७५! म्हणजे आलेल्या ताटाची नोंद सव्वाची आणि न आलेल्याची सव्वानऊच्याही वर. शिकण्याचा हा नियम १९७२ साली रेस्कोर्ला आणि वॅग्नर या मानसशास्त्रज्ञांनी मांडला होता. निम्म्याऐवजी दुसरा कुठलाही अपूर्णांक घेतला तरी आलेखाचा आकार तोच राहतो, फक्त सपाट व्हायला वेळ कमीजास्त लागतो.

माकडाच्या रसापासून माणसाच्या कृतज्ञतेपर्यंतचा धागा हे माझं अनुमान आहे, तो प्रयोगाचा निष्कर्ष नव्हे. पण सणाच्या गडबडीत वेळेवर उकळलेला चहा जाणवत नाही आणि संपलेला गॅस लगेच जाणवतो, हे या गणिताशी चांगलं जुळतं.

आता डायरीकडे. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलो यांच्या २००३ च्या अभ्यासात काही विद्यार्थ्यांनी दहा आठवडे दर आठवड्याला आभार मानाव्यात अशा गोष्टी लिहिल्या, काहींनी कटकटी, तर काहींनी नुसत्या घडामोडी. पहिल्या गटाला आपलं आयुष्य एकंदरीत बरं वाटलं. मात्र काही फरक फक्त कटकटी लिहिणाऱ्यांच्या तुलनेतच दिसले. पुढे ओहायो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २७ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा नैराश्य आणि चिंता यांवरचा परिणाम लहानच निघाला. डायरी लिहावी, पण औषध म्हणून नाही. ‘धन्यवाद’ लिहिलेल्या बाटलीतल्या पाण्याचे स्फटिक सुंदर होतात, हा जपानच्या मासारू इमोटो यांचा दावा तर आजही मोठ्या भक्तिभावाने पुढे पाठवला जातो. कुठल्या स्फटिकाचा फोटो निवडायचा हे ठरवणाऱ्याला बाटलीवरचा शब्द माहीत असेल, तर त्या फोटोंनी काहीही सिद्ध होत नाही. पाण्याला मराठी वाचता येत नाही, जपानीही नाही.

यादीपेक्षा मला मिंक्युंग कू आणि सहकाऱ्यांचा २००८ चा प्रयोग जास्त मोलाचा वाटतो. त्यांनी काही लोकांना आपला जोडीदार कसा भेटला ते लिहायला सांगितलं, आणि काहींना तो कदाचित भेटलाच नसता, ते कसं, हे लिहायला सांगितलं. नात्याबद्दलचं समाधान दुसऱ्या गटात जास्त दिसलं. वरच्या गणितात बघा: ‘हे मिळालंच नसतं तर’ अशी मनातल्या मनात वजाबाकी करताना ९.३७५ वर जाऊन बसलेली अपेक्षा खाली ओढली जाते आणि तेच ताट पुन्हा ठळक होतं. ‘आईने भाजणी पाठवली’ असं लिहिण्याऐवजी, यंदा तिचा गुडघा दुखत असताना ती गिरणीपर्यंत गेलीच नसती तर काय, हा विचार पाच मिनिटं करून पाहा.

सकाळपासून कढईपाशी उभी असलेली बाई थकते, कारण काम जास्त आहे. तिला आधी सोऱ्या फिरवायला दुसरा हात हवा. कृतज्ञतेचे धडे देऊन तिची तक्रार गप्प करणं हा अन्याय आहे.

आणि वाटलेलं बोलूनही दाखवावं. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ मध्ये लोकांकडून आभाराची पत्रं लिहून घेतली. ती वाचून समोरच्याला अवघडल्यासारखं होईल ही लिहिणाऱ्यांची भीती वाजवीपेक्षा जास्त निघाली, आणि त्याला होणारा आनंद त्यांनी कमी धरला होता. आपल्याला शब्द नीट जमतील का, याची त्यांना काळजी. वाचणाऱ्यांच्या मनात राहिला तो पत्रातला जिव्हाळा. तेव्हा भाऊबीजेच्या पाकिटात बहिणीसाठी चार ओळी घालायला हरकत नाही: कुठल्या वर्षी, कुठल्या अडचणीत, तिने नेमकं काय केलं होतं.