पुन्हा तीच गोष्ट कशासाठी?

तीन वर्षांच्या मुलाला रोज रात्री तीच गोष्ट हवी असते. सांगणारा कंटाळतो, मधली दोन पानं गुपचूप गाळतो आणि हमखास पकडला जातो. ब्रिटनमधल्या ससेक्स विद्यापीठात जेसिका हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांनी या हट्टाशी जवळचा एक प्रयोग केला. तो २०११ साली प्रसिद्ध झाला. तीन वर्षांच्या मुलांना आठवड्याभरात गोष्टी वाचून दाखवल्या. त्यांत अनोळखी वस्तू आणि त्यांची मुद्दाम बनवलेली नावं पेरलेली होती. काही मुलांना वेगवेगळ्या गोष्टी, काहींना तीच ती. नवे शब्द सगळ्यांच्या कानांवर सारख्याच वेळा पडले. तरी तीच गोष्ट ऐकणाऱ्यांच्या ते जास्त लक्षात राहिले.

असं का व्हावं? पहिल्यांदा ऐकताना कोण आलं, कुठं गेलं, पुढं काय होणार यातच मूल गुंतलेलं असतं. गोष्ट ओळखीची झाली, की शब्दांकडं बघायला त्याला उसंत मिळते.

आपल्या चिऊ-काऊच्या गोष्टीत ही सोय आतच आहे. काऊ दार ठोठावतो. चिऊ म्हणते, "थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते." पुन्हा ठोठावतो, तर "थांब, माझ्या बाळाला तीट लावते." वाक्य तेच, शेपूट तेवढं नवं. आजी इथं मध्येच थांबली, तर पुढचं वाक्य नातच म्हणून टाकते.

हे थांबणं फार कामाचं आहे. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या पालकांना वाचताना मुलांना बोलतं करायला शिकवलं. 'हो-नाही'त संपणारे प्रश्न टाळायचे, 'काय झालं?' असं विचारायचं आणि मुलाचं उत्तर थोडं वाढवून परत द्यायचं. मूल म्हणालं, "काऊ ओला." आपण म्हणायचं, "हो, काऊ पावसात भिजला. मग कुणाकडं गेला?" तुलनेसाठी घेतलेल्या पालकांनी नेहमीसारखंच वाचलं. महिन्याभरानंतर बोलण्याच्या एका चाचणीत पहिल्या गटातली मुलं साडेआठ महिन्यांनी पुढं होती. मुलं जेमतेम तीसच, त्यामुळं हा आकडा जपूनच वापरावा. नऊ महिन्यांनी पुन्हा तपासलं, तेव्हा ही आघाडी कमी झाली होती, पण पुसली गेली नव्हती.