उंच लाकडी इमारती: लाकूड उघडे ठेवण्याच्या वादाची पार्श्वभूमी

लाकडाचे तुकडे चिकटवून झाडाच्या खोडापेक्षा मोठा घटक तयार करण्याची कला जुनी आहे. तिची मर्यादा मात्र प्रत्येक काळात चिकटद्रव्यानेच ठरवली. जर्मनीत १९०६ साली ग्लुलॅमच्या, म्हणजे फळ्या एकावर एक चिकटवून केलेल्या, वक्र तुळईचे पेटंट घेतले गेले, तेव्हा दुधातल्या केसीनचा सरस वापरात होता आणि सततच्या ओलाव्यात तो टिकत नसे. १९३० च्या दशकात फिनॉलिक रेझिन हे पाण्याला टिकणारे कृत्रिम चिकटद्रव्य आले आणि प्लायवुड घराच्या बाहेरच्या अंगालाही चालू लागले. एलव्हीएल (लाकडाचे पातळ पापुद्रे चिकटवून केलेला घटक) आणि ओएसबी (लाकडाच्या चपट्या चकत्या दाबून चिकटवलेले बोर्ड) १९७० नंतर बाजारात रुळले.

उंच इमारतींचा विषय खऱ्या अर्थाने सुरू झाला तो सीएलटीमुळे. फळ्यांचे थर एकमेकांना आडवे-उभे चिकटवलेली ही जाड पॅनेल १९९० च्या दशकात ऑस्ट्रिया-जर्मनीत आकाराला आली. भिंत आणि स्लॅब, दोन्ही लाकडाचे करता येऊ लागले. लंडनमध्ये २००९ साली नऊ मजली निवासी इमारत झाली, २०१९ मध्ये नॉर्वेत ८५ मीटरच्या पुढे मजल गेली आणि २०२२ मध्ये अमेरिकेतील मिलवॉकीत २५ मजली इमारत उभी राहिली. तिचे खालचे मजले काँक्रीटचे आहेत, हे सांगायला हवे.

या वाटचालीत सर्वाधिक भांडण झाले ते एका निर्णयावर: आतले लाकूड बोर्डाने न झाकता किती उघडे ठेवू द्यायचे?

जाड लाकूड पेटले की पृष्ठभागावर कोळशाचा थर धरतो आणि तोच आतल्या लाकडाचे रक्षण करतो. नरम लाकडात हा थर मिनिटाला साधारण ०.६५ मिलिमीटरने आत सरकतो, म्हणजे तासाभरात चार सेंटिमीटरच्या आसपास. तेवढी जाडी वाया जाणार असे धरून उरलेल्या छेदावर भार पेलण्याचे गणित मांडता येते. सीएलटीच्या सुरुवातीच्या चाचण्यांत मात्र या हिशेबाला तडा गेला. काही पॉलियुरेथेन चिकटद्रव्ये उष्णतेने मऊ पडत आणि कोळसा पूर्ण होण्याआधीच छताचा खालचा थर गळून पडे. वरचे ताजे लाकूड उघडे पडले की विझत आलेली आग पुन्हा भडके. दोष थरांमधल्या चिकटद्रव्याचा होता, पण बदनाम लाकूड झाले.

अमेरिकेत काँक्रीट उद्योगाने आणि अग्निशमन क्षेत्रातल्या काहींनी लाकडी इमारतींच्या उंचीची मर्यादा वाढवायला विरोध केला. उद्योगाचा स्वार्थ उघड होता. अग्निशमनवाल्यांची शंका मात्र रास्त होती, कारण आत शिरायचे त्यांनाच असते. अखेर सीएलटीच्या उत्पादन-मानकात २०१८ साली बदल झाला आणि आगीत थर न गळणारे चिकटद्रव्य चाचणीने सिद्ध करणे भाग पडले. त्यानंतर अमेरिकेतली राज्ये जिच्यावरून आपले नियम ठरवतात त्या २०२१ च्या आदर्श बांधकाम नियमावलीत लाकडी इमारतींचे तीन नवे वर्ग आले: १८ मजल्यांपर्यंत सगळे लाकूड जिप्सम बोर्डाने झाकायचे, १२ पर्यंत थोडे उघडे चालेल आणि नऊपर्यंत बरेचसे उघडे. मधल्या वर्गात छत उघडे ठेवण्याची मुभा जमिनीच्या क्षेत्रफळाच्या २० टक्केच होती. नव्या चिकटद्रव्यांच्या पॅनेलवर खोल्या पेटवून चाचण्या झाल्यावर २०२४ मध्ये ती पूर्ण छतापर्यंत वाढवली गेली. आधी झाकून, मग चाचणीच्या आधारे उघडण्याचा हा क्रम मला योग्य वाटतो.

इंग्लंडने उलटा रस्ता धरला. लंडनमधल्या ग्रेनफेल या निवासी टॉवरच्या २०१७ च्या अग्निकांडात ७२ जणांचा जीव गेला. तिथे पेटले होते ते पॉलिइथिलीन हे प्लास्टिक भरलेले ॲल्युमिनियमचे क्लॅडिंग, म्हणजे इमारतीचे बाहेरचे आवरण. सीएलटीचा संबंध नव्हता. तरीही २०१८ अखेर १८ मीटरवरील निवासी इमारतींच्या बाह्य भिंतींत ज्वलनशील साहित्यावर बंदी आली आणि भार पेलणाऱ्या सीएलटीच्या भिंतीही तिच्यात सापडल्या. क्लॅडिंगवर कठोर होणे गरजेचेच होते. पण पातळ प्लास्टिक आणि जाड लाकडी भिंत यांना एकाच नियमात बसवल्याने, ज्या शहरात नऊ मजली इमारत झाली त्याच शहरात तशा बाह्य भिंती पुन्हा बांधता येईनात. आतले स्लॅब आणि मधल्या भिंती बंदीबाहेर राहिल्या, त्यामुळे लाकडी गाभ्याला बाहेरून स्टीलची चौकट आणि अज्वलनशील भिंत देण्याचा मार्ग तेवढा उरला.