पार्श्वभूमी : ‘यादीत आहे’ म्हणजे नेमके कुठे?

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पवह्यांचा संदर्भ पूर्वी कॉलेजच्या कपाटातून यायचा. १८८०चे गॅझेटिअर, नाहीतर १९७६पासून निघू लागलेले विश्वकोशाचे खंड. चुका त्यांतही होत्या, पण पुस्तक कधीचे ते आत छापलेले असे. गॅझेटिअरमधल्या रत्नागिरीत मालवण-वेंगुर्लेही येतात, कारण जिल्हा १९८१ साली फुटला, हे मात्र तेव्हाही फारसे कुणी बघत नसे. आता त्या जुन्या, मोठ्या जिल्ह्याचा आकडा स्कॅन केलेल्या प्रतीतून आजच्या जिल्ह्याच्या नावावर उतरतो.

मराठी विकिपीडिया २००३चा. पण मोबाइल डेटा स्वस्त झाला २०१६नंतर, आणि मग वर्गावर्गांत ‘विकिपीडिया चालणार नाही’ हा नियम आला. मजकूर तिथलाच राहिला, फक्त नाव गेले. लेखाखालच्या तळटीपा न उघडताच वहीत आल्या. चालू दिला असता तर लेखाचा इतिहास उघडून कुठले वाक्य कधी घुसले, ते तरी मुलांना दाखवता आले असते.

खरा गुंता कातळशिल्पांचा, म्हणजे उघड्या खडकात कोरलेल्या जुन्या चित्रांचा. उक्षी, कशेळी, बारसू, कुडोपी अशी नऊ ठिकाणे, त्यातले एक गोव्यातले, २०२२मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. ही यादी ज्या त्या देशाने द्यायची असते. पुढे नामांकन पाठवायचे तर ठिकाण आधी तिच्यात हवे, एवढाच तिचा अर्थ, छाननी त्यानंतरची. मथळ्यांतून ‘संभाव्य’ गळला आणि ‘यादीत’ उरले. २०२३मध्ये बारसूच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झाले, आंदोलन पेटले, आणि या एका शब्दाची ओढाताण झाली. कुठे शिल्पे थेट ‘जागतिक वारसा’ झाली, तर कुठे ‘नुसते दगडावरचे ओरखडे’. पहिली चूक घाईची म्हणता येईल, दुसरी घाईची वाटत नाही. त्यात जुलै २०२५मध्ये सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, खांदेरी हे किल्ले खरोखरच मुख्य यादीत आले. तेव्हापासून एकाच परिच्छेदात किल्ले आणि कातळशिल्पे एकाच रांगेत बसलेली दिसतात. मोबाइलला विचारले की आयते मिळणारे उत्तरही कधीकधी तीच रांग लावते.

वयाचे तेच. उघड्या जांभ्या दगडावर कोरलेल्या रेषेचे वय थेट मोजणे अवघड. कोकणात आज नसलेले गेंडा, पाणघोडा चित्रांत दिसतात, शेतीच्या खुणा दिसत नाहीत, यावरून अंदाज बांधतात. ऑनलाइन मजकुरात अंदाजाचा आकडा होतो, आणि दहा हजार वर्षांपासून तो वरच चढतो.

गेल्या वर्षी एका वहीत सात संदर्भ होते. सातही पाने उघडून पाहिली. प्रत्येकावर गेंडा आणि पाणघोडा एक झालेला ‘पाणगेंडा’ हाच शब्द होता.