बीटी-सीटी नॉर्मल, तरी रक्त थांबेना: गोठण्याच्या तपासण्यांची पार्श्वभूमी

टॉन्सिलचं ऑपरेशन असो की दाढ काढायची असो, आधी ‘बीटी-सीटी’ (ब्लीडिंग टाइम आणि क्लॉटिंग टाइम) लिहून देण्याची पद्धत आपल्याकडच्या अनेक दवाखान्यांत अजून टिकून आहे. बोटाला सुई टोचायची, दर अर्ध्या मिनिटाने टिपकागद लावायचा आणि रक्त कधी थांबतं ते पाहायचं, हा बीटी. काचेच्या केसासारख्या नळीत रक्त घेऊन दर अर्ध्या मिनिटाने तिचा तुकडा मोडायचा, मोडलेल्या टोकांमध्ये तंतू ताणलेला दिसला की घड्याळ थांबवायचं, हा सीटी. रिपोर्ट बहुधा नॉर्मल येतो आणि घरचे निर्धास्त होतात. मला हा निर्धास्तपणा धोक्याचा वाटतो. सौम्य हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आनुवंशिक आजार, या दोन्ही तपासण्यांतून सहज निसटतो, आणि मग दाढ काढल्यावर त्याच रात्री तो उघडा पडतो.

दोन्ही पद्धती शंभर वर्षांहून जुन्या आहेत. अमेरिकेतले डॉक्टर ड्यूक यांनी १९१० मध्ये कानाच्या पाळीला टोचून रक्त थांबण्याचा वेळ मोजला. ली आणि व्हाइट यांनी १९१३ मध्ये शिरेतलं रक्त काचेच्या नळीत घेऊन ते गोठायला लागणारा वेळ मोजला. हिमोफिलियाची घराण्यातली चाल त्याही आधी कळली होती. फिलाडेल्फियाच्या जॉन ओटो यांनी १८०३ मध्येच लिहून ठेवलं होतं, की काही घराण्यांत रक्तस्राव मुलग्यांनाच होतो, मुली ठणठणीत असतात, पण रोग पुढच्या पिढीत त्यांच्याकडून जातो.

पुढचं पाऊल १९३५ चं. आर्मंड क्विक यांनी प्लाझ्मामध्ये, म्हणजे रक्तपेशी काढलेल्या रक्तद्रवात, सशाच्या मेंदूचा अर्क आणि कॅल्शियम घालून गाठ किती सेकंदांत धरते ते मोजलं. हीच आजची पीटी, म्हणजे प्रोथ्रॉम्बिन टाइम. कावीळ झालेल्यांमधला दोष तिने पकडला, पण हिमोफिलियाच्या रुग्णांत ती नॉर्मल निघाली. ऊतींचा तो अर्क इतका जोरकस होता, की फॅक्टर ८ आणि ९ (रक्त गोठवणारी प्रथिनं, हिमोफिलियात यांपैकी एक कमी असतं) नसले तरी त्याचं काम अडत नव्हतं. म्हणून १९५३ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या चॅपल हिलच्या प्रयोगशाळेने त्यापेक्षा कमजोर अर्क वापरून पीटीटी (पार्शल थ्रॉम्बोप्लास्टिन टाइम) तयार केली. १९६१ मध्ये तिच्यात केओलिन ही माती घालायला सुरुवात झाली आणि एपीटीटी (ॲक्टिव्हेटेड पीटीटी) आली. पीटी आणि एपीटीटी जोडीने का सांगतात, त्याचं मूळ इथे आहे.

या इतिहासात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते ब्यूनस आयर्सचे आल्फ्रेडो पाव्लोव्हस्की यांचं निरीक्षण. हिमोफिलियाच्या दोन रुग्णांचं रक्त त्यांनी एकत्र केलं. दोन्ही रक्तं एकेकटी गोठायला फार वेळ घेत होती, मिसळल्यावर मात्र वेळ कमी झाला. एकात जे नव्हतं ते दुसऱ्यात होतं. म्हणजे एकाच नावाखाली दोन वेगळे आजार होते. हे त्यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलं. १९५२ मध्ये ऑक्सफर्डच्या बिग्ज, मॅकफार्लेन आणि सहकाऱ्यांनी दुसरा आजार नीट वेगळा काढला आणि स्टीफन ख्रिसमस या लहान मुलाचं नाव त्याला दिलं. तोच आजचा हिमोफिलिया बी, म्हणजे फॅक्टर ९ ची उणीव.

पाव्लोव्हस्कींची ती युक्ती आजही रोज वापरात आहे. एपीटीटी लांबली, तर लॅबमध्ये रुग्णाचा आणि निरोगी माणसाचा प्लाझ्मा निम्मा-निम्मा मिसळतात. वेळ सुधारला तर एखादा फॅक्टर कमी आहे, नाही सुधारला तर रक्तात फॅक्टरविरोधी काहीतरी आहे. पण त्याआधी नमुना बरोबर हवा. निळ्या झाकणाच्या नळीत एक भाग सायट्रेटला (रक्त गोठू न देणाऱ्या द्रावणाला) नऊ भाग रक्त लागतं. रेघेपर्यंत न भरलेल्या नळीतून एपीटीटी खोटीच लांब दिसू शकते, तेव्हा अशा रिपोर्टवरून घाबरण्याआधी नमुना पुन्हा द्यावा.

पीटी आणि एपीटीटी दोन्ही नॉर्मल आल्या तरी सगळं ठीक असतंच असं नाही. बाल्टिक समुद्रातल्या ओलांड बेटांवरची पाच वर्षांची एक मुलगी १९२४ मध्ये हेलसिंकीला एरिक फॉन विलेब्रांट यांच्याकडे आली. तिच्या काही बहिणी रक्तस्रावाने आधीच दगावल्या होत्या, आणि पुढे तीही वयात आल्यावर पाळीच्या रक्तस्रावाने गेली. त्यांनी १९२६ मध्ये वर्णन केलेला हा आजार, म्हणजे आजचा फॉन विलेब्रांट आजार, बायका-पुरुष दोघांनाही होतो, आणि त्यात एपीटीटी पुष्कळदा नॉर्मल असते. पाळीत ‘अंगावरून जास्त जातं’ म्हणून वर्षानुवर्षं नुसत्या लोहाच्या गोळ्या घेणाऱ्या मुलींची तपासणी यासाठी व्हायलाच हवी. फॅक्टर १३ ची उणीवही तशीच लपते. नाळ पडल्यावर बेंबीतून रक्त येत राहतं, पण पीटी-एपीटीटी नॉर्मल. तिथे रक्ताची गाठ युरियात विरघळते का ते पाहावं लागतं.

उलटही घडतं. अमेरिकेतल्या जॉन हेगमन या रेल्वे कर्मचाऱ्याचं रक्त नळीत गोठायला प्रचंड वेळ घ्यायचं, पण त्यांना रक्तस्रावाचा त्रास कधीच नव्हता. ही फॅक्टर १२ ची उणीव १९५५ मध्ये नोंदली गेली. १९६८ मध्ये ते वारले, तेही फुप्फुसात गुठळी अडकून.

गुठळ्या होण्याच्या आनुवंशिक प्रवृत्तीचा शोध त्या मानाने उशिरा लागला. नॉर्वेत एगेबर्ग यांनी १९६५ मध्ये अँटिथ्रॉम्बिनची (गोठणं आवरणाऱ्या प्रथिनाची) उणीव असलेलं घराणं दाखवलं. १९९३ मध्ये स्वीडनच्या डालबेक यांनी एपीटीटीच वापरली. प्लाझ्मात सक्रिय प्रोटीन सी (हेही गोठणं आवरणारं प्रथिन) घातलं की वेळ वाढायला हवा, काहींमध्ये तो पुरेसा वाढेना. पुढच्याच वर्षी नेदरलँड्सच्या लायडनमध्ये त्यामागचा जनुकदोष सापडला. हा फॅक्टर ५ लायडन युरोपीय वंशाच्या लोकांत बराच आढळतो, भारतीयांत त्या मानाने कमी.

हिमोफिलियाच्या घरातल्या मुलींसाठी मात्र नुसता फॅक्टर मोजणं पुरत नाही. पातळी नॉर्मल असूनही मुलगी वाहक असू शकते, म्हणजे तिच्याकडून रोग पुढे मुलांत जाऊ शकतो. फॅक्टर ८ चं जनुक १९८४ मध्ये हाती आलं. तीव्र हिमोफिलिया ए असलेल्या जवळपास निम्म्या कुटुंबांत त्याचा एक भाग उलटा बसलेला असतो, हे १९९३ मध्ये कळलं, त्यामुळे तपासणीत आधी तोच पाहतात. त्यासाठी शक्यतो आजारी भावाचा किंवा मामाचा नमुना आधी लागतो. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारातली राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था या आजारांवर काम करते. ही तपासणी दिवस राहण्याआधीच करून घ्यावी. गर्भाच्या वारेचा नमुना तिसरा महिना संपता संपता घेतात, आणि तोवर घराण्यातला दोष नेमका कोणता हे माहीत असावं लागतं.