पेड न्यूज नेमकी पकडली कशी गेली? २००९ची गोष्ट

इलेक्शन आलं की पेपरात "भाऊंना वाढता पाठिंबा", "प्रचारफेरीला उत्स्फूर्त प्रतिसाद" असल्या बातम्या धो धो सुरू होतात, वर बातमीदाराचं नाव नाही आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात 'जाहिरात' असंही नाही. पैसे घेऊन बातमीची जागा विकायचा धंदा तसा जुनाच, देशातल्या सगळ्यात मोठ्या मीडिया ग्रुपने २००३ मध्ये मीडियानेट नावाची पैसे घेऊन बातमी छापायची सेवा काढून तो उघडपणेच सुरू केला, पण तेव्हा गिऱ्हाईक फिल्मवाले आणि कंपन्या होत्या. राजकारणातला हा प्रकार गाजला तो आपल्याच राज्यात, ऑक्टोबर २००९च्या विधानसभेला.

तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण भोकरमधून उभे होते. त्यांच्या कौतुकाचा एकच लेख शब्दन् शब्द तसाच तीन मराठी पेपरांत आला, आणि पेपर कसले, तर एकमेकांचे स्पर्धक! शिवाय पानंच्या पानं पुरवण्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी हे द हिंदूमध्ये मांडलं. खर्चाच्या हिशोबात पेपरच्या जाहिरातींसमोर आकडा होता ५,३७९ रुपये, आणि उमेदवाराची खर्चाची लिमिट तेव्हा १० लाख. चव्हाणांनी आरोप फेटाळले. मला विचाराल तर हे सापडलं ते निव्वळ आळसामुळे, कुणी चार वाक्यं इकडची तिकडं केली असती तर तीन पेपर शेजारी ठेवूनही काही कळलं नसतं.

मग प्रेस कौन्सिलने, म्हणजे पेपरांच्या वागण्यावर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेने, पत्रकार परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांना चौकशीला बसवलं. त्यांनी पेपरांच्या नावानिशी ७१ पानी रिपोर्ट दिला आणि कौन्सिलने २०१० मध्ये नावं गाळून छोटासा अहवाल काढला (आपलीच माणसं, दुसरं काय!), पूर्ण रिपोर्ट बाहेर आला २०११ मध्ये, माहिती आयोगाच्या आदेशानंतर.

इकडे भोकरमध्ये हरलेले उमेदवार माधव किन्हाळकर यांची चव्हाणांविरुद्धची निवडणूक आयोगाकडची तक्रार पाच वर्षं चालली. मे २०१४ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की निवडणूक आयोग हिशोब तपासू शकतो, जुलैमध्ये आयोगाने आदेश देऊन चव्हाणांना नोटीस काढली, सप्टेंबरमध्ये दिल्ली हायकोर्टाने तो आदेश रद्द केला. यूपीच्या आमदार उमलेश यादव मात्र २०११ मध्येच तीन वर्षांसाठी अपात्र ठरल्या होत्या, बातम्यांचा खर्च लपवला म्हणून.

गोम इथेच आहे, पेड न्यूज हा स्वतंत्र गुन्हाच नाही, सापडला तर उमेदवार सापडतो तोही खर्च दाखवला नाही म्हणून, छापणारा पेपर यात कुठेच नाही. गुन्हा ठरवा असं निवडणूक आयोगाने सुचवलं, २०१५ मध्ये विधी आयोगानेही सुचवलं.