वजनाचं इंजेक्शन: शुगरच्या वाटेनं आलेलं औषध

विदर्भातल्या खेड्यांची बातमी होते ती मेळघाटच्या कुपोषणाची, नाहीतर कापसाच्या भावाची. इथं कोणी वजन उतरवायचं औषध मागतं, हे म्हणूनच बाहेरच्यांना खरं वाटत नाही. पण तालुक्याच्या मेडिकलवर चौकशी होते. "हप्त्यातून एकदा घ्यायचं ते पोटाचं इंजेक्शन आलं का?" विचारणाऱ्याला शुगर नसते, पोट सुटलेलं असतं आणि गुडघे बोलायला लागलेले असतात.

हार्मोन टोचून चरबी उतरवायचा नाद जुनाच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस थायरॉइडचा अर्क देत. वजन घटे, पण चरबीबरोबर मांसही झडे आणि छाती धडधडे. पुढे 1954 साली डॉ. सिमियन्स यांनी गरोदरपणातल्या एका हार्मोनचं रोजचं इंजेक्शन आणि दिवसाला 500 कॅलरींचा आहार असा उपाय मांडला. हे गृहस्थ भारतात बरीच वर्षं होते. कोल्हापूर संस्थानात त्यांनी कुष्ठरोग्यांची वसाहत उभारली होती. पुढच्या चाचण्यांत साध्या पाण्याच्या इंजेक्शनानंही तेवढंच वजन घटलं. घटणारच. 500 कॅलरींवर कोणीही वाळेल. 1994 मध्ये चरबीतून सुटून भूक आवरणारं लेप्टिन हे हार्मोन सापडलं तेव्हा पुन्हा आशा पालवली, पण ते लागू पडलं ते ज्यांच्या शरीरात लेप्टिन जवळपास नसतंच अशा मोजक्यांना.

आताचं औषध या रांगेतलं नाही. ते मधुमेहाच्या संशोधनातून आलं. 1960 च्या दशकात दिसलं, की तेवढंच ग्लुकोज शिरेतून देण्याऐवजी तोंडानं दिलं तर इन्सुलिन जास्त सुटतं. म्हणजे आतडं स्वादुपिंडाला काहीतरी कळवत असणार. 1980 च्या दशकात बोस्टनमध्ये हबेनर आणि मॉयसोव्ह, कोपनहेगनमध्ये होल्स्ट यांच्या कामातून जीएलपी-1 हे आतड्याचं हार्मोन हाती आलं. अडचण एकच: रक्तात ते दोनेक मिनिटांतच निकामी होतं. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला जॉन एंग यांना हिला मॉन्स्टर नावाच्या अमेरिकी सरड्याच्या विषात त्याच्यासारखंच काम करणारा, पण टिकणारा रेणू मिळाला. त्यावरून बनलेलं एक्झेनाटाइड 2005 मध्ये बाजारात आलं, तेही शुगरसाठीच.

1996 मध्येच लंडनच्या संशोधकांनी दाखवलं होतं, की मेंदूत जीएलपी-1 सोडलं तर उंदीर कमी खातात. शुगरच्या पेशंटांचंही वजन उतरू लागलं, तेव्हा कंपन्यांनी तोच धागा धरला. 2014 मध्ये अमेरिकेत जीएलपी-1 सारखंच काम करणाऱ्या लिराग्लुटाइडला लठ्ठपणासाठी मान्यता मिळाली. ते रोज टोचावं लागे. मग त्याच जातीचं, पण आठवड्यातून एकदाचं सेमाग्लुटाइड. 2021 च्या चाचणीत मधुमेह नसलेल्या 1961 प्रौढांपैकी औषध घेणाऱ्यांचं वजन 68 आठवड्यांत सरासरी 14.9 टक्के घटलं, बाकीच्यांचं 2.4 टक्के. त्यातल्या काहींचा औषध थांबल्यावर वर्षभर मागोवा घेतला, तर उतरलेल्यातलं दोन तृतीयांश परत आलं होतं. मेडिकलवरच्या चौकशीत ही गोष्ट सहसा निघत नाही. बीपीच्या गोळीसारखं हे लांबचं काम आहे, लग्नाआधीच्या दोन महिन्यांचं नाही. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता सुरुवातीला नेहमीच्या. उन्हातान्हात राबणाऱ्याच्या अंगातलं पाणी उलट्यांनी कमी झालं तर ते साधं दुखणं राहत नाही.

ठेवायचं कुठं, हाही प्रश्न आहे. इंजेक्शनचं न वापरलेलं पेन फ्रीजमध्ये ठेवायचं; वापरायला काढलेलं काही आठवडे बाहेर चालतं, पण साधारण 30 अंशांच्या आत. चंद्रपूर-वर्ध्याकडे मे महिन्यात पारा 45 गाठतो आणि लाइन गेली की फ्रीज नावापुरता.

भारतात 2025 च्या मार्चमध्ये याच वळणाचं टिर्झेपाटाइड (मौन्जारो) आणि जूनमध्ये सेमाग्लुटाइडचं वेगोव्ही आलं. मौन्जारोच्या सगळ्यात छोट्या डोसची आठवड्याची कुपी तेव्हा 3,500 रुपयांची, म्हणजे महिन्याला 14,000. सोयाबीनचा त्या हंगामाचा हमीभाव 5,328 रुपये क्विंटल. महिन्याच्या औषधाला अडीच क्विंटलांवर माल, आणि तोही हमीभावानं गेला तर. सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च 2026 पर्यंतचीच होती, म्हणून देशी कंपन्या आधीपासून तयारीला लागल्या होत्या. भाव कितीही उतरला तरी हे औषध डॉक्टरच्या चिठ्ठीवरचंच आहे, आणि वजनासाठी मान्यता आहे ती बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) 30 किंवा त्याहून जास्त असणाऱ्यांना, किंवा 27 किंवा त्याहून जास्त असून बीपीसारखं दुखणं जोडीला असणाऱ्यांना.